पुडीच्या कागदावरची अर्धी गोष्ट

मी एक जुनी ठवणी आहे, मित्रांनो. वयाने म्हणाल तर फार नाही, देशाला स्वातंत्र्य मिळाले त्याच सुमारास माझा जन्म झाला. पण माझ्या अंगावर एक चीर आहे आणि तिच्यामुळे मी वयापेक्षा थोराड दिसते. ठवणी म्हणजे काय, हे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. मांडी घालून जमिनीवर वाचायला बसले की पोथी किंवा पुस्तक ज्या लाकडी घडीवर उघडून ठेवतात, ती मी. मिटली की मी नुसती एक फळी. उघडली की माझी फुली होते आणि पुस्तक माझ्या मांडीत येऊन बसते.

मी रहाटणीला अर्जुनरावांच्या घरी राहते. माझी हकिकत लहान आहे, पण तिच्यात लाज वाटावी असे पुष्कळ आहे, आणि ती लाज सगळ्यांच्या वाट्याला थोडीथोडी आली. माझ्याही आली. कशी, ते ऐका.

माझा जन्म चाकणचा. तिथे लालमहंमद नावाचे सुतार आहेत. त्यांनी शिसवीच्या एकाच ओंडक्यातून आम्हा दोघी बहिणींना घडवले. आमच्यात खिळा नाही, सरस नाही. एकच फळी मधोमध अशी कोरायची की तिची दोन पाने एकमेकांत गुंतलेली राहतात आणि तरी उघडतात. त्यासाठी हातात कसब लागते आणि त्याहून जास्त धीर लागतो. लालमहंमद आम्हाला रेहाल म्हणत. माझी बहीण त्यांनी आपल्या मुलीसाठी, ताजुन्निसासाठी, घरात ठेवली आणि मला बाजारच्या दिवशी दुकानाच्या फळीवर मांडले.

त्या दिवशी अर्जुनराव चाकणच्या बाजारात बैल घ्यायला आले होते. बैलाचा सौदा काही जुळला नाही. रिकाम्या हाताने घरी गेलो तर बायको काय म्हणेल, या काळजीत ते माझ्यापाशी थबकले. मला उलटसुलट करून पाहिले. त्यांना स्वतःला वाचता येत नव्हते, पण रहाटणीत कुणाच्याच घरी अशी वस्तू नाही, हे त्यांच्या लगेच ध्यानात आले. बैल आणायला गेलेला माणूस मला काखेत मारून परतला. गोजाबाई त्यांना पुढे कितीतरी दिवस विचारत होत्या की हिला औताला कधी जुंपायची.

निघताना लालमहंमदांनी त्यांना एक गोष्ट बजावली होती. "अर्जुनराव, ही रोज उघडा, रोज मिटा. कवतिकानं बांधून ठेवाल तर पावसाळ्यात सांधा धरंल. मग माझ्याकडं तक्रार आणू नका."

अर्जुनरावांनी मान डोलावली आणि घरी येऊन मला बांधूनच ठेवले.

ठवणी आली म्हणून मग पुण्याहून पोथी आली. पोथी आली म्हणून लाल फडके आले. देवघरात आम्हा तिघांची स्थापना झाली आणि रोज सकाळी माझ्यावर हळदकुंकू पडू लागले. श्रावण लागला की दत्तोबा येत. गावात पोथी वाचणारे तेवढेच. ते नाकात वाचत आणि ऐकणारे मान हलवत. मान ऐकून हलते की डुलकीने, हे पोथी वरून पाहत नसे, पण मी खालून सगळे पाहत असे. श्रावण संपला की फडक्याच्या गाठी बसत, त्या पुढच्या श्रावणापर्यंत.

या दिवसांत मी फार खूश होते, मित्रांनो. येणारा-जाणारा मला हात जोडत होता. आपण वाचनाची वस्तू आहोत आणि आपल्यावर कुणी वाचत नाही, हे माझ्या मनातसुद्धा आले नाही. कुंकवाचा थर चढत गेला तशी मी अधिकच ताठ बसू लागले.

पुढे नदीपलीकडे पिंपरीला मोठा कारखाना उभा राहिला. अर्जुनरावांचा मुलगा सयाजी तिथे शिफ्टला जाऊ लागला आणि त्याचे लग्न झाले. सून आली ती आकुर्डीची. तिचे नाव शालन. शाळा चौथीपर्यंत झालेली, अंगाने काडी, आणि डोळे सतत काहीतरी शोधणारे. हे डोळे काय शोधतात, ते मला आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी कळले.

सयाजी पिंपरीच्या युनूसभाईंच्या दुकानातून किराणा आणायचा. डाळ, साखर, चहा, सगळे रद्दीच्या कागदाच्या पुड्यांत. गोजाबाई पुडी सोडून डाळ डब्यात ओतत आणि कागद चुलीकडे फेकत. शालन तो उचलून घेई. पितळी तांब्यात गरम पाणी भरून त्या कागदावर इस्त्रीसारखा फिरवी. मग घर निवांत झाले की देवघराशी येई, पोथी नमस्कार करून बाजूच्या पाटावर ठेवी, मला उघडी आणि तो कागद माझ्या मांडीत घालून वाचू लागे.

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पोथीची ठवणी मी, आणि माझ्यावर हिंगाचा वास मारणारा कागद. त्यातही तो फाटका. एखाद्या मासिकाचे पान असे, पण वरचा भाग चहाला गेलेला आणि खालचा जिऱ्याला. गोष्ट मध्येच सुरू होई आणि मध्येच तुटे.

पण दत्तोबांच्या वाचनाने इतक्या श्रावणांत जे झाले नव्हते, ते तेव्हा झाले. मी ऐकू लागले. शालन कागदाच्या फाटक्या कडेपाशी पोचली की थांबत नसे. ती मान वर करी, समोरच्या भिंतीकडे बघे, आणि पुढची गोष्ट स्वतःच्या मनाने सांगत राही. हळू आवाजात, स्वतःलाच. कुठे कागद संपला आणि कुठे शालन सुरू झाली, ते मला काही दिवसांनी ओळखू येईना.

श्रावणात दुपारच्या वेळी आळीतल्या बायका कापूस घेऊन आमच्या ओसरीवर वाती वळायला येत. एकदा शेजारच्या सोजराबाई शालनला म्हणाल्या की तू शिकलेली आहेस, काहीतरी वाचून दाखव, हात चालतात पण वेळ सरत नाही. शालनने मला ओसरीवर आणले आणि तुरीच्या डाळीचा कागद उघडला. तो दिवस बुधवारचा होता.

कागदावरची गोष्ट एवढीच होती. रस्त्याच्या कडेला एका बाईचे घर होते. एका बुधवारी एक अनोळखी म्हातारी तिच्या दारात आली आणि पाणी मागू लागली. बाईने तिला पाणी दिले. म्हातारी पाणी पिऊन म्हणाली, आता पुढच्या बुधवारी... आणि तिथे कागद फाटला होता.

शालनने पुढचे रचले. म्हातारी म्हणाली, पुढच्या बुधवारी दारात कुणी तहानलेला येईपर्यंत तूही पाणी पिऊ नकोस. बाईने ते मान्य केले. पुढच्या बुधवारी एक गुराखी आला. त्याच्या पुढच्या बुधवारी एक वाट चुकलेला शिपाई आला. तिसऱ्या बुधवारी मात्र कुणीच येईना. ऊन चढले, बाईच्या घशाला कोरड पडली, रस्ता मोकळाच. इथवर आल्यावर गोजाबाईंनी आतून हाक मारली. पीठ दळायचे होते. शालन म्हणाली, पुढची गोष्ट पुन्हा कधीतरी.

आता इथे काय चूक झाली, ती नीट ऐका. श्रावणात व्रताची कहाणी ऐकताना बायका हातात अक्षता धरतात. कहाणी झाली की त्या पोथीवर वाहतात. शालन वाचायला बसली, समोर ठवणी, महिना श्रावणाचा, आणि गोष्टीत वार आलेला. बायकांनी सवयीने तांदळाचे दाणे मुठीत घेतले. शालनला ते दिसले. ही कहाणी नव्हे, नुसती गोष्ट आहे, असे तिने सांगायला हवे होते. पण इतक्या जणी आपले ऐकताहेत, कापूस हातातच राहिला आहे, हे सुख तिला नवीन होते. ती बोलली नाही. शेवटी ते दाणे माझ्यावर पडले. खाली काय आहे, डाळीचा कागद, हे मला चांगले माहीत होते. तरी अक्षता पडल्या म्हणून मी फुशारलेच.

पुढच्या बुधवारी आमच्या आळीत एक अजब प्रकार झाला. सकाळपासून बायका पाण्याचा थेंब न घेता आपापल्या उंबऱ्याशी बसून राहिल्या. कुणाचा नवरा कारखान्यात बदली कामगाराचा कायम व्हायचा होता, कुणाला मूल हवे होते, कुणाला नुसते वेगळे राहायचे होते. हे केल्याने काय मिळते, ते शालनने सांगितलेच नव्हते. ते जिच्या-तिच्या मनाने ठरले. आणि सगळ्याच जणी आपल्या दारात तहानलेल्याची वाट बघत बसल्यामुळे कुणी कुणाच्या दारी गेलेच नाही. पुरुष शिफ्टला आणि शेतावर. आळी आमची गावाच्या टोकाची. रस्ता अगदी गोष्टीतल्यासारखा मोकळा राहिला.

शालन त्या दिवशी सयाजीच्या डब्याच्या गडबडीत होती, नंतर मळ्यात गेली. तिला यातले काही ठाऊक नव्हते.

सोजराबाई नुकत्याच हिवतापातून उठल्या होत्या. त्यांचे यजमान मालोजी कारखान्याच्या दाराशी रोज उभे राहून परत येत होते. त्यांना काम लागावे म्हणून सोजराबाईंनी फारच कडक धरले. दुपारी त्या उंबऱ्यावरच कोसळल्या आणि दगडी पायरीवर त्यांचे कपाळ फुटले. ओरड झाली, माणसे धावली. जखमेत हळद भरताना कुणीतरी विचारले, हे कसले व्रत? बायका म्हणाल्या, अर्जुनरावांच्या पोथीतले.

दत्तोबांना बोलावणे गेले. त्यांनी चष्मा लावला, मला ओसरीवर मांडले आणि पोथी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळली. आळी उभी होती.

"ही कहाणी पोथीत न्हाई," दत्तोबा म्हणाले.

शालन मळ्यातून परतली होती आणि दाराआड होती. तिला गप्प बसता आले असते. मी वाचताना चुकले, असेही म्हणता आले असते. ती बाहेर आली आणि खाली बघत म्हणाली, "मी रचली."

मित्रांनो, माणसांचे चेहरे मी पुष्कळ पाहिले आहेत, पण त्या वेळचे अर्जुनरावांचे तोंड मला बघवले नाही. गावात त्यांच्या घराचे जे काही नाव होते ते पोथीमुळे होते, आणि त्याच घरातून लबाडी बाहेर पडली असे लोक आता म्हणणार होते. ते दुष्ट नव्हते. त्यांना फक्त लाज वाटत होती, आणि लाज वाटली की माणसाला ती लवकरात लवकर दुसऱ्याच्या अंगावर टाकावीशी वाटते. त्यांनी शालनला माझ्यासमोर बसवले.

"पोथीवर हात ठेव. म्हन, ह्या तोंडानं पुन्हा मनची गोष्ट सांगणार न्हाई."

तिने पोथीवर हात ठेवला. त्याचा भार पोथीतून माझ्या पायापर्यंत उतरला. शालनने जसे सांगितले तसे शब्दाला शब्द म्हटले. "ह्या तोंडानं पुन्हा मनची गोष्ट सांगणार न्हाई." मग ती उठून आत गेली. ज्या वस्तूवर वाचायचे, त्याच वस्तूवर हात ठेवून वाचणारीचे तोंड बंद केले गेले. त्या वेळी माझ्या अंगावर कुंकवाचा जाड थर होता आणि त्याच्याखाली मी शरमेने काळी पडले होते. ते कुणाला दिसले नाही.

त्यानंतर पुडीचे कागद सरळ चुलीत जाऊ लागले. चूल शालनच पेटवायची. मी देवघरातून बघत असे. ती कागद पाठमोरा धरून, अक्षरे खाली करून, आत सारत असे.

पुढचे काही श्रावण कोरडे गेले. दत्तोबांची नजर गेली, त्यांचे येणे थांबले. आम्हा तिघांच्या फडक्याची गाठ कुणी सोडली नाही. दर पावसाळ्यात माझे लाकूड फुगत होते आणि तेल-कुंकवाचा लगदा सांध्यात मुरत होता. बायका वाती वळायला येत, पण बोलणे कुणाची सून कशी यापलीकडे जात नसे.

एका दुपारी सोजराबाईंनी हातातला कापूस खाली ठेवला. त्यांच्या कपाळावर तो व्रण अजून आहे. बायकांनी शालनला वाळीतच टाकल्यासारखे केले होते आणि सोजराबाईंनी तर तिच्याशी बोलणे टाकलेच होते. त्या दिवशी त्या तिच्याकडे वळल्या.

"शालन, माझं डोस्कं फुटलं त्या गोष्टीपायी. ती बाई उठली का तहानंनं मेली, येवढं तरी मला कळाया नको?"

शालन म्हणाली, "मी शपथ घेतलीय, सोजराबाई." तिचे डोळे भरले. आणि नवल म्हणजे बाकीच्या बायकाही तिच्याकडेच बघत होत्या. गोष्ट रचलेली आहे हे आता सगळ्यांना पक्के ठाऊक होते, आणि तरीही ती बाई तिथे उन्हात बसून होती, प्रत्येकीच्या मनात. हे सारे गोजाबाई आतून ऐकत होत्या.

त्यांच्या मनात काय आले कोण जाणे. त्यांनी तडक देवघरात येऊन फडके सोडले, पोथी उचलली आणि मला उघडायला गेल्या. मी उघडले नाही. त्यांनी जोर लावला. कट्‌ असा आवाज झाला आणि माझ्या सांध्याजवळ चीर गेली. ओसरीवरच्या सगळ्या बायकांना तो ऐकू गेला. ठवणी असून मला उघडता येत नव्हते. याहून मोठी नाचक्की दुसरी नाही.

बाजारच्या दिवशी अर्जुनराव मला घेऊन चाकणला निघाले. गोजाबाईही गाडीत बसल्या. लालमहंमदांनी मला हातात घेतले, नखाने कुंकवाचा पापुद्रा काढून पाहिला. बोथट सुरीने ते थरावर थर खरवडत राहिले. अर्जुनराव बाजूला बसून जमिनीवर काडीने रेघा ओढत होते. बऱ्याच वेळाने लालमहंमद म्हणाले की सांधा मोडलेला नाही, न वापरल्याने धरला आहे. तेल पाजून मोकळा होईल, पण चीर राहील.

त्यांच्या घराच्या पडवीत तेव्हा माझी बहीण होती. मी तिला ओळखलेच नाही. तिच्यावर कुंकू नव्हते की नक्षी नव्हती. दोन्ही पानांच्या कडा ताजुन्निसाच्या मनगटांनी झिजून गुळगुळीत झाल्या होत्या आणि साऱ्या अंगावर हातांची चकाकी होती. सकाळी कुराणशरीफ वाचून वर ठेवले की दिवसभर ती ताजुन्निसाची. मराठी शाळेची पुस्तके, शेजारून मागून आणलेली मासिके, सारे तिच्यावर उघडे राही. सांधा असा मऊ की बोटाने उघडावा. एका लाकडाच्या आम्ही दोघी, आणि तिच्याशेजारी मला अंग चोरावेसे वाटले.

ताजुन्निसा आता चांगली मोठी झाली होती. ती आपल्या आईला, नजमुन्निसाबींना, मोठ्याने एक गोष्ट वाचून दाखवत होती आणि वाचता वाचता पदराने डोळे पुसत होती. गोजाबाई ऐकत बसल्या. गोष्ट संपल्यावर त्यांनी विचारले, "ही खरी झालेली हाय का गं?"

"नाही मावशी. कुणीतरी मनानं लिहिलीय."

"आन्‌ तुला ते ठावं हाय?"

"हो."

"मंग रडतीस कशापायी?"

ताजुन्निसाला हसू आले. "झालेली नाही म्हणून काय झालं, मावशी? ती बाई माझ्या डोळ्यापुढं आहे."

गोजाबाईंनी मग आणखी एकच विचारले, अगदी हळू. "ज्यानं लिहिली, त्याला कुनी शपथ घातली न्हाई?"

ताजुन्निसाला प्रश्न कळला नाही. अर्जुनरावांना कळला. त्यांच्या हातातली काडी मोडली.

परतीच्या वाटेवर गाडीत मी गोजाबाईंच्या मांडीवर होते. अंगावरचा थर गेल्यामुळे मला फार उघडे उघडे वाटत होते आणि वारा लाकडाला लागत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायका जमल्यावर गोजाबाईंनी मला ओसरीवर आणून उघडले. माझ्यावर पोथी ठेवली नाही. सयाजीच्या पगाराचे पाकीट उकलून केलेला एक कोरा कागद आणि शिसपेन्सिल ठेवली आणि शालनला बोलावले.

"काय म्हणाली व्हतीस तू? ह्या तोंडानं सांगणार न्हाई. व्हय ना?"

"व्हय, आत्याबाई."

"हाताचं कुनी नाव काढलं व्हतं?"

शालनने पेन्सिलीकडे पाहिले. ओसरीच्या टोकाला अर्जुनराव दोर वळत बसले होते. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी मान वर केली नाही. दोराला पीळ देत राहिले. मग खालच्या मानेनेच म्हणाले, "येक कागद पुरंल का? न्हाईतर सयाजीला युनूसच्या दुकानातनं आणाया सांगतो. कोरा."

माफी मागणे त्यांना कधी जमले नाही. त्या दिवशी मात्र एवढे तरी जमले.

शालन माझ्यावर वाकून लिहू लागली. आधी पेन्सिल नुसती टेकवून बसली. शपथ घेताना पोथीवर ठेवला होता तोच हात. मग अक्षरे उतरू लागली आणि अंधार पडायच्या आत गोष्ट लिहून झाली. आता ती वाचणार कोण? शालनने वाचली तर तोंडाने सांगितल्यासारखे होईल. सयाजी म्हणाला, आणा इकडे, मी वाचतो. सोजराबाईंनी कागद छातीशी धरला.

"डोस्कं माझं फुटलंय. म्याच वाचणार. शालन, मला अक्षरं शिकीव. अक्षरं काई मनची गोष्ट न्हाईत."

मग पावसाळा गेला, ज्वारी निघाली, आणि सोजराबाई दुपार झाली की माझ्यासमोर बसून राहिल्या. कोळशाने फरशीवर क काढायच्या, पुसायच्या, पुन्हा काढायच्या. हळूहळू बाकीच्या बायकाही सरकत सरकत जवळ आल्या. सोजराबाईंना राग पटकन येई. एकदा त्यांनी मला ढकलूनसुद्धा दिले. मला त्याचे काही वाटले नाही. मालोजींना तोवर काम लागले होते. त्यासाठी आता कुणी तहानलेले बसले नव्हते.

आणि एका दुपारी त्यांनी तो कागद माझ्यावर ठेवला. बोट ओळीवरून मुंगीच्या चालीने निघाले. सगळ्या जणी कापूस टाकून बसल्या होत्या. मुठीत अक्षता कुणाच्याच नव्हत्या. सोजराबाई एकेक अक्षर जुळवत वाचत होत्या, आणि शालनने लिहिले होते ते असे.

"तिसऱ्या बुधवारी कुणी आले नाही. बाईने वाकून रस्त्याकडे पाहिले, तर शेजारीण आपल्या दारात तशीच बसलेली. तिच्या पलीकडची तशीच. सगळ्या जणी तहानलेल्याची वाट बघत तहानलेल्या होत्या. तेव्हा ती उठली. शेजारणीच्या दारात गेली आणि म्हणाली, बाई, मला पाणी दे."

कागद तिथे संपत होता. या वेळी तो फाटलेला नव्हता.

सोजराबाईंनी कपाळावरच्या व्रणावरून हात फिरवला. शालन खांबाशी उभी होती, मान खाली घालून. शपथेच्या दिवसापासून ती अशीच उभी राहत आली होती.

"शालन," सोजराबाई म्हणाल्या, "पाणी दे."

शालन आत गेली आणि तांब्या भरून घेऊन आली. सोजराबाई तो सगळा तांब्या प्यायल्या. मग त्यांनी तिला आपल्याजवळ बसवून घेतले.

आता माझा सांधा धरलेला नाही, अंगावर कुंकू नाही. आठवड्याचे सगळे दिवस माझ्यावर काही ना काही उघडे असते. आळीतल्या पोरीही शाळेतून येतात आणि आपले लिहिलेले माझ्यावर ठेवून वाचतात. पोथीही आता महिनोन्‌महिने बांधलेली राहत नाही. सोजराबाई ती अडखळत वाचतात आणि जिथे अडतात तिथे शालन मदत करते. पण शालनने शपथ मोडलेली नाही. ती लिहिते, भरपूर लिहिते, आणि दुसऱ्यांनी वाचलेले ऐकते. फाटक्या कागदाच्या कडेपाशी थांबून, भिंतीकडे बघत, हळू आवाजात सांगणारी ती शालन मला पुन्हा ऐकायला मिळाली नाही. ती माझ्यावर हात ठेवून गप्प झाली होती. चिरेचे दुखणे विसरता येते, हे येत नाही.

म्हणून माझे एवढे मागणे आहे, मित्रांनो. तुमच्या घरात एखादे पुस्तक फडक्यात बांधलेले असेल तर आज त्याची गाठ सोडा. हात जोडा हवे तर, पण मग ते उघडा. हातात पुडीचा कागद आला तर चुलीत जाण्यापूर्वी त्याच्यावर काय आहे ते बघा, आणि गोष्ट अर्धी निघाली तर उरलेली तुम्ही लिहा. कुणी विचारले, ही खरी का, तर मान वर करून सांगा, मी रचली. शालनला ते मान खाली घालून सांगावे लागले होते. आणि तुमच्या शेजारी कुणी असे काही रचत असेल, तर त्याला शपथ घालायच्या आधी पुढे काय झाले ते विचारा.

आज बाजारचा दिवस आहे. सयाजी आला आहे आणि शालन साखरेची पुडी सोडते आहे.